पायाला मुंग्या, बिघाड कमरेत: मणक्यातली गादी पायाच्या नसेला काय करते?



या आठवड्याचा विषय बघून काहींना वाटेल, मॅडमनी चॅनल बदललं की काय. मार्जिन, उधारी, स्टॉक सोडून कमरेचा मणका कुठून आला? कारण अगदी सरळ आहे. नवीन दुकान टाकणारा माणूस पहिली दोन वर्षं मालक कमी आणि हमाल जास्त असतो. टेम्पोतून माल उतरवायचा त्यानेच, रॅकवर लावायचा त्यानेच, आणि मग रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसायचं तेही त्यानेच. बिझनेस प्लॅनमध्ये आपण भाडं लिहितो, लाइटबिल लिहितो, पण हे सगळं ज्या कमरेच्या जोरावर चालणार आहे तिचा रकाना कुठेच नसतो.

प्रत्येक बॅचमध्ये एक-दोघं तरी चहाच्या वेळी हळूच सांगतात, "मॅडम, कंबर एवढी दुखत नाही हो, पण डावा पाय बधिर होतो." आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "रात्री तेल लावून चोळतो पायाला." चोळा, बरं वाटेल. पण बिघाड पायात नाहीच, त्यामुळे तो जाणार नाही.

मी डॉक्टर नाही, बीबीए करून दुकान चालवणारी बाई आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी, ऑपरेशन करावं की नाही, हे मी सांगणार नाही. पण ही वायरिंग कशी आहे आणि ती कुठे दाबली जाते, एवढं समजलं तरी डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं, कधी धीर धरायचा आणि कधी शटर ओढून तसंच निघायचं, हे कळतं.

गादी "सरकत" नाही

कमरेत पाच मणके असतात. डॉक्टर त्यांना वरून खाली एल१ ते एल५ म्हणतात. त्याखाली माकडहाडाच्या वर जे मोठं त्रिकोणी हाड आहे, त्याच्या पहिल्या भागाला एस१. दोन मणक्यांच्या मधे जी चकती असते तिला आपण गादी म्हणतो. (आमच्या साडीच्या दुकानात गादी म्हणजे वेगळीच वस्तू. तिच्यावर पुढे येते.)

गादी म्हटलं की कापसाची उशी डोळ्यासमोर येते. ही तशी नाही. बाहेरून चिवट धाग्यांची कडी असते, पंधरा-वीस थर एकावर एक, एका थराचे धागे एका बाजूला तिरपे तर पुढच्याचे उलट्या बाजूला. आत ओलसर, जेलीसारखा गर. तरुणपणी या गरात बहुतेक पाणीच असतं. वय वाढतं तसं पाणी कमी होतं आणि बाहेरच्या थरांना बारीक चिरा पडायला लागतात. आतल्या भागात रक्तवाहिन्या नसल्यामुळे ही चीर हातावर कापलेल्या जखमेसारखी आठवड्यात भरत नाही.

"गादी सरकली" असं आपण सर्रास म्हणतो. पण ती ड्रॉवरसारखी बाहेर येत नाही, वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेलीच असते. होतं असं की कडीला पडलेल्या चिरेतून आतला गर मागे ढकलला जातो. रिपोर्टमध्ये बल्ज, प्रोट्रुजन, एक्स्ट्रुजन असे शब्द दिसतात ते याच चढत्या क्रमाने: कडी नुसती फुगली, गर एका जागी पुढे आला, गर कडी फोडून बाहेर पडला. त्याचा तुकडा सुटून वेगळा झाला तर त्याला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. त्यामुळे "एका झटक्यात गादी बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी एवढा विचार करा, की बसवण्यासारखं सरकलेलं तिथे काही नाहीच. चिरेतून गर आलेल्या ठिकाणी झटका देणं म्हणजे फुटलेल्या तेलाच्या पिशवीला दाब देणं.

आता हा गर मागे नेमका कुठे जातो? मणक्यांच्या मागून एक लांब पट्टा वरून खाली गेलेला असतो. कमरेपाशी तो मधोमध मजबूत आणि कडेला कमजोर. म्हणून गर सहसा मधून न येता डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यातून येतो, आणि पायाकडे जाणारी नस नेमकी त्याच कोपऱ्याजवळून उतरते. एकच पाय धरतो तो त्यामुळे.

वायर दाबली खाली, दिवा लुकलुकतो वर

इमारतीची मीटर रूम डोळ्यासमोर आणा. तिथून प्रत्येक फ्लॅटला वेगळी वायर गेलेली असते. मीटर रूममधल्या एका वायरवर कोणी लोखंडी कपाट टेकवलं, तर दिवा लुकलुकतो तिसऱ्या मजल्यावर. तिथे जाऊन बल्ब बदलत बसलात तर काय होणार?

मेंदूकडून येणारा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या टोकालाच, एल१-एल२च्या आसपास संपतो. त्याखाली मणक्यांच्या पोकळीत असतो तो लोंबणाऱ्या नसांचा झुबका. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्याचं लॅटिन नाव पडलं कॉडा इक्विना, घोड्याचं शेपूट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. या शेपटातून प्रत्येक मणक्यापाशी एक नस डावीकडे, एक उजवीकडे बाहेर पडते. एल४ ते एस३ या नसांचे धागे एकत्र येऊन सायटिक नर्व्ह बनते. शरीरातली सगळ्यात जाड नस हीच. कुल्ह्यातून निघून मांडीच्या मागून ती खाली जाते. "सायटिका" हे नाव तिच्यावरून आलं. पण सायटिका हा आजार नाही, लक्षण आहे. "आज गल्ल्यात पैसे कमी निघाले" म्हणण्यासारखं. का कमी निघाले, ते वेगळं शोधावं लागतं.

कमरेतली गादी दहापैकी नऊ वेळा खालच्या दोन ठिकाणीच त्रास देते: एल४-एल५ आणि एल५-एस१. सगळ्यात जास्त वजन आणि वाकणं तिथेच येतं.

इथे एक गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. रिपोर्टवर लिहिलेलं असतं "एल४-एल५" आणि डॉक्टर म्हणतात "एल५ची नस दबलीय". टायपिंगची चूक नाही ती. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळला वळलेली गाडी खंबाटकी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, अडकते ती पुढे साताऱ्याला जाणारी. तसंच हे. एल४ची नस त्या गादीपर्यंत पोचायच्या आतच बाहेर वळून गेलेली असते. गादीच्या मागून खाली उतरत असते ती एल५. म्हणून एल४-एल५ची गादी बहुतेक वेळा एल५ला दाबते आणि एल५-एस१ची गादी एस१ला. गर अगदीच बाहेरच्या कडेला आला, तर मात्र वळून गेलेली नसही सापडते.

पायावरचे रूट

डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समनचे रूट ठरलेले असतात. एका रूटवरून ऑर्डरी येईनाशा झाल्या की कोणता सेल्समन आज आला नाही ते विचारावं लागत नाही. पायाच्या कातडीचंही असंच आहे. प्रत्येक नसेच्या वाट्याला एक पट्टा आलेला असतो.

एल५चा रूट नडगीच्या बाहेरच्या बाजूने खाली येतो, पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्याकडे जातो. मुंग्या अंगठ्यात आणि पावलाच्या पाठीवर असतील, तर संशय या नसेवर. अंगठा आणि पाऊल वर उचलण्याचं कामही मुख्यतः तिचंच. ती अशक्त झाली की टाचांवर चालता येत नाही, पुढचा भाग खाली पडतो. यालाच फुट ड्रॉप म्हणतात.

एस१चा रूट पोटरीच्या मागून टाचेत, तळपायाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत. ही नस पोटरीला जोर देते, म्हणजे चवड्यांवर उभं राहणं हिचं काम. वरच्या कप्प्यातला डबा काढायला तुम्ही टाच उचलता आणि एका पायाची टाच उचलतच नाही, असं झालं तर ते नुसतं "थकलोय" नसतं. घोट्यामागच्या जाड शिरेवर डॉक्टर हातोडी मारून बघतात ते हिच्यासाठी. एस१ दबली की तो झटका मंद होतो किंवा येतच नाही.

एल४चा त्रास त्या मानाने कमी जणांना होतो. मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला. जिना चढता-उतरताना गुडघा दगा देतो. पुष्कळ लोक गुडघ्याचा एक्स-रे काढून मोकळे होतात आणि तो बरा येतो.

एक गोष्ट आहे, रूटच्या सीमेवरची दुकानं दोन्ही सेल्समन करतात. शेजारशेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि माणसागणिक थोडे बदलतात. त्यामुळे हे वाचून स्वतःचं निदान करू नका. करायचं एवढंच की डॉक्टरांकडे जाण्याआधी आरशासमोर उभं राहून, बोट फिरवत, कुठे स्पर्श कमी कळतो ते नीट बघून ठेवा. "पूर्ण पाय दुखतो" म्हणणाऱ्या पेशंटपेक्षा "पोटरीच्या मागून करंगळीपर्यंत, आणि चवड्यावर उभं राहता येत नाही" म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं. शिंकताना, खोकताना, शौचाला जोर करताना पायात कळ जाते का, तेही सांगा. डॉक्टर तुम्हाला आडवं करून पाय सरळ ठेवून वर उचलतील. साधारण ३० ते ७० अंशांच्या मधे गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर नस ताणली जात असल्याची ती खूण समजतात.

आता मला या लेखात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दुखणं ओरडून सांगतं. बधिरपणा फारसा बोलत नाही. आणि ताकद जाते ती तर चुपचाप: चालताना चप्पल पायातून निसटते, पायरीला अंगठा अडतो, बाइकचा गिअर टाकताना पाऊल नीट उचलत नाही. आपण घाबरतो दुखण्याला, पण धोक्याचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. कधीकधी असंही होतं की आठ-दहा दिवस जीव खाणारी कळ अचानक थांबते, माणूस खूश होऊन दुकान उघडतो, आणि पाऊल मात्र वर उचलत नाही. ते बरं होणं नव्हे. नस कळ पाठवायचीच थांबली, इतकी ती दबली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. दुखणं कमी झालं की ताकद बघा. दोन्ही ठीक असेल तरच बरं वाटलं म्हणा.

दबल्यावर दुखतं का, हे वाटतं तेवढं साधं नाही

पूर्वी या गोष्टीचा पत्ताच नव्हता. ऑपरेशनमध्ये नसेजवळ असा तुकडा सापडला की सर्जनना तो गाठीचा प्रकार वाटायचा. १९३४ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की ती गाठ नसून फुटलेल्या गादीचाच भाग आहे, आणि पायातली कळ तिच्यामुळे येते. एक मेंदू आणि मज्जातंतूंचा सर्जन, दुसरा हाडांचा. दोन वेगळ्या खात्यांची माणसं एका टेबलावर बसली म्हणून ते सुटलं, असं मला तरी वाटतं.

मग वाटलं, दाब म्हणजेच दुखणं. पण मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तेव्हा नस दबलेलीच असते. मुंग्या येतात, बधिर होतो, पण जीवघेणी कळ कुठे येते? १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्मिथ आणि राइट यांनी पेशंटच्या ऑपरेशनच्या वेळीच नसांभोवती नायलॉनचे दोरे ठेवले आणि त्यांची टोकं बाहेर आणली. नंतर जागेपणी दोरा हळू ओढला. आजारी नसेचा दोरा ओढला की ओळखीची सायटिकाची कळ लगेच, आणि निरोगी नसेला तेवढ्या ओढण्याने तशी कळ येईना. म्हणजे नस आधी चिडलेली, सुजलेली असावी लागते. गादीतला गर बाहेर आला की शरीर त्याला परका समजून सूज आणणारी रसायनं सोडतं, आणि ती नसेला चिडवतात. दाबाने बधिरपणा आणि अशक्तपणा, सुजेने कळ, अशी ही ढोबळ वाटणी. म्हणूनच एमआरआयवर छोटीशी गादी दिसूनही एखादा कळवळतो आणि मोठी दिसूनही दुसरा आरामात फिरतो.

प्रत्येक मुंगी गादीची नसते

आपल्या दुकानदार मंडळींत शुगर भरपूर. शुगरमुळे येणारा बधिरपणा सहसा दोन्ही पायांना, दोन्हीकडे सारखा, बोटांपासून वर चढत, मोजे घातल्यासारखा असतो. गादीचा असतो तो एका पायाला, पट्ट्यासारखा. बी१२ कमी असलं तरी दोन्ही पायांना मुंग्या येतात. फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आणि जळजळ होत असेल, तर घट्ट बेल्ट किंवा कमरेला कसून बांधलेली पैशाची पिशवी कातडीची एक नस दाबत असेल. बाजारच्या दिवशी गर्दीत बसणाऱ्यांनी हे तपासून बघा. आणि मागच्या खिशातलं जाड पाकीट! त्यावर दिवसभर बसलं की कुल्ह्यातच सायटिक नर्व्हवर दाब येऊ शकतो. निम्मी तर जुनी बिलं असतात त्यात.

दुकानात हे घडतं कुठे

एका पोत्याने गादी फुटली असं लोक सांगतात. बहुतेक वेळा ते पोतं शेवटचं असतं, चिरा आधीच पडलेल्या असतात. कधीकधी तर पोतंही नसतं, खाली पडलेलं पेन उचलायला वाकलं एवढंच निमित्त.

१९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत प्रत्यक्ष सेन्सर बसवून दाब मोजला. सरळ उभं असताना ०.५ मेगापास्कल. पाठ वाकवून २० किलो उचललं तेव्हा २.३, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७. उचलून अंगाला चिकटवून धरलं तेव्हा १.१, आणि छातीपासून ६० सेंटीमीटर लांब धरलं तेव्हा १.८. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण वजन तेच असून धरण्याच्या पद्धतीने एवढा फरक पडतो, हे तराजू वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दांडी जेवढी लांब तेवढा तोल राखायला दुसऱ्या बाजूला जोर जास्त. इथे ती दुसरी बाजू म्हणजे तुमच्या पाठीचे स्नायू, आणि मधे चेपली जाते गादी.

नुसतं बसणं तेवढं वाईट निघालं नाही. त्याच प्रयोगात आरामात बसताना दाब उभं राहण्याएवढाच होता, पण पुढे पूर्ण वाकून बसलं की ०.८३. आता आमची साडीच्या दुकानातली गादी आठवा. मांडी घालून बसायचं, आणि समोर गिऱ्हाइकाच्या मांडीपर्यंत साड्या फेकत-ओढत दिवसभर पुढे वाकायचं. काउंटर करून उभ्याने दाखवण्याची पद्धत मला त्यासाठीच बरी वाटते, जुन्या गिऱ्हाइकांना आवडत नाही तरी.

दूध, पेपर, भाजी, फुलं या धंद्यात आणखी एक भर पडते. रात्री आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळे सकाळी आपली उंचीही सेंटीमीटरभर जास्त भरते. फुगलेल्या गादीला उठल्या उठल्या वाकणं जास्त जाचतं. आणि या मंडळींचं तर पहाटे चारला उठून पहिलंच काम क्रेट उचलण्याचं. उठल्यावर अर्धा-एक तास हिशोब, चहा, दुकान झाडण्यासाठी लांब दांड्याचा झाडू, आणि वजनाचं काम त्यानंतर, असा क्रम लावता आला तर लावा. माल घेताना ५० किलोच्या पोत्याऐवजी २५ची बॅग मिळते का विचारा. जड माल कमरेच्या उंचीच्या कप्प्यात, हलका खाली आणि वर. ट्रॉली पहिल्या महिन्यातच घ्या, ग्लो-साइन बोर्ड नंतर. हमालाचे पैसे वाचवले म्हणून आनंद मानणाऱ्यांनी दुकान तीन आठवडे बंद राहिलं तर किती जातात तेही एकदा मांडून बघावं. कमरेचा पट्टा बांधला की कितीही उचलता येतं, हा मात्र गैरसमज. गादी वाचवतो असं त्याच्या बाबतीत सिद्ध झालेलं नाही, आणि पट्टा आहे म्हणून माणूस जास्त उचलतो ते वेगळंच.

एमआरआयची घाई

पाठ दुखली की आधी एमआरआय, ही आता पद्धतच पडली आहे. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढून बघितले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला बल्ज होता आणि २७ टक्के लोकांना प्रोट्रुजन. दुखत काहीच नव्हतं! म्हणून रिपोर्टवर "बल्ज" वाचून हातपाय गाळू नका. फोटोत दिसणारी गादी आणि पायावरचा पट्टा, ताकद, हातोडीचा झटका हे जुळलं, तरच त्या फोटोला अर्थ.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट: बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं. सूज आणणाऱ्या त्याच पेशी सफाईचंही काम करतात. गंमत म्हणजे नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा पूर्ण बाहेर पडलेला तुकडा विरघळण्याची शक्यता जास्त असते, कारण रक्तातल्या पेशी त्याच्यापर्यंत पोचतात. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो, ऑपरेशनशिवाय. २००७ साली नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ पेशंटचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याचं थांबून, गरज वाटली तरच. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर गेलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत बरं झाल्याचं सांगणारे ९५ टक्के होते. म्हणजे ताकद शाबूत असेल, तर घाई करायची की थांबायचं हा बराचसा तुमच्या सहनशक्तीचा आणि कामाचा प्रश्न. तो डॉक्टरांशी बसून बोलायचा.

थांबायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं असंही नाही. एक-दोन दिवस आडवं पडणं ठीक. त्यानंतर झेपेल तेवढं चालत-फिरत राहणाऱ्यांचं पडून राहणाऱ्यांपेक्षा वाईट होत नाही, झालं तर थोडं बरंच होतं.

इथे मात्र थांबायचं नाही

घोड्याचं शेपूट आठवतंय? क्वचित गर मोठा आणि मधोमध येतो आणि अख्खा झुबकाच दाबतो. त्यातल्या सगळ्यात खालच्या नसा लघवी, शौच आणि जांघेच्या आतल्या भागाची संवेदना सांभाळतात. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो, तो बधिर होतो. शौचाला धुताना हाताचा स्पर्श कळत नाही. लघवी भरलेली असून होत नाही, किंवा झाल्याचं कळत नाही. दोन्ही पायांत कळा येतात, किंवा दोन्ही पाय गळतात. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. इथे हिशोब आठवड्यांचा नसतो, तासांचा असतो. ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच व्हावं लागतं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

बायका हे सांगायला लाजतात, पुरुष तर आणखी लाजतात. "दिवाळीचा सीझन आहे, भाऊबीजेनंतर बघू" हे वाक्य मी फार ऐकलंय. साध्या कंबरदुखीला ते चालेल, या लक्षणांना नाही. डॉक्टरांनी स्वतःहून नाही विचारलं तरी तुम्ही सांगा. पाऊल उचलत नसेल, अशक्तपणा रोज वाढत असेल, तरी लगेच जा. सोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा उंचावरून पडला असाल, तर गादीचं असेल असं गृहीतच धरू नका, आधी तपासून घ्या.

बरं होताना काय दिसतं

पायातलं दुखणं खालून वर यायला लागतं. आधी पोटरीतून जातं, मग मांडीतून, आणि शेवटी फक्त कमरेत उरतं. पुष्कळजण तेव्हा घाबरतात, "आता तर कंबर जास्त दुखतेय!" पायातली कळ कमी होऊन कंबर दुखत असेल तर ते चांगलं लक्षण मानतात. उलट कमरेतून खाली पावलाकडे उतरत चाललं असेल, तर करत असलेला व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

ताकद यायला वेळ लागतो, आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नसेचा धागा खरोखर खराब होऊन पुन्हा वाढायचा असेल, तर त्याचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून बघा, म्हणजे महिने का लागतात ते लक्षात येईल. काहींच्या बोटात थोडी मुंगी कायमची राहते. कळ गेली असेल आणि ताकद पूर्ण असेल तर तिच्यासह दुकान आरामात चालतं. फक्त तोवर बाइकचा तापलेला सायलेन्सर सांभाळा, शुगर असेल तर रोज रात्री तळपाय बघा, आणि वरच्या कप्प्यातला माल काढायला शिडीवर दुसऱ्याला चढवा. बधिर पायाला पायरी टेकली की नाही, हे कळत नाही.